मर्यादित आवृत्त्यांची साठेबाजी आणि सामान्य प्रेक्षक

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

चित्रपटांच्या मर्यादित आवृत्तीच्या डिस्क प्रकाशनाच्या दिवशीच चार-चार, पाच-पाच घेऊन ठेवायच्या आणि काही महिन्यांनी त्या तिप्पट-चौपट भावाने विकायच्या, असा उद्योग करणाऱ्या तरुणांवर गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत लेख होता. लेखात या उद्योगाला ‘घरबसल्या करता येणारी गुंतवणूक’ म्हटले होते आणि त्याची तुलना सोन्याच्या खरेदीशी केली होती. लेख मेहनतीने लिहिलेला होता, परंतु हा नफा ज्याच्या खिशातून जातो त्या प्रेक्षकाचा विचार त्यात एका ओळीनेही केलेला नव्हता. मी त्या प्रेक्षकांपैकी एक आहे. पत्र नेहमीपेक्षा लांबले आहे, तरी शक्य असल्यास ते पूर्ण छापावे, ही विनंती.

मी कोल्हापुरातला निवृत्त शिक्षक असून गेली पंचवीस वर्षे चित्रपटांच्या डिस्क जमवीत आलो आहे. सुरुवात व्हीसीडीपासून झाली. एका डिस्कवर सव्वा तासाच्या आसपासच चित्र मावत असे, त्यामुळे मध्यंतराच्या आधीमागे उठून डिस्क बदलावी लागे, आणि चित्रही आजच्या मानाने फारच पुसट दिसे. पण आपल्या वेळेला, आपल्या घरात, आपल्या आईवडिलांना त्यांच्या तरुणपणीचा चित्रपट दाखवता येतो, हेच तेव्हा अपूर्वाईचे होते. २००७ मध्ये मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणली, तेव्हा आमच्यासारख्या पगारदारांच्या घरात पहिल्यांदा चित्रपटांचे कपाट तयार झाले. ती कंपनी २०१८ मध्ये अवसायनात निघाली. त्याआधीच दुकानांतले डिस्कचे रकाने मोबाईलच्या कव्हरांनी भरून गेले होते. परदेशातही हीच दिशा आहे: नेटफ्लिक्सने टपालाने डीव्हीडी पाठवण्याची आपली मूळ सेवा सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली. डिस्क छापणारे कमी झाले आणि जे उरले ते मुख्यतः संग्राहकांसाठी, मोजक्या प्रती काढू लागले. आजच्या साठेबाजीची जमीन इथे तयार झाली.

मर्यादित आवृत्ती काढणाऱ्या प्रकाशकांवर माझा रोष नाही, हे आधीच सांगतो. यातले बहुतेक प्रकाशक लहान आहेत. मोठ्या स्टुडिओकडून ते एखाद्या जुन्या चित्रपटाचे हक्क ठरावीक मुदतीसाठी घेतात, पुष्कळदा किती प्रती काढायच्या हेही करारातच ठरते, आणि पैसे आधी मोजावे लागतात. मूळ निगेटिव्ह शोधणे, ते स्वच्छ करणे, एकेका चौकटीवरचे ओरखडे काढणे, आवाज दुरुस्त करणे, जाणकारांकडून पुस्तिका लिहून घेणे यांवर मोठा खर्च होतो. प्रत्यक्ष डिस्क छापण्याचा खर्च त्या मानाने किरकोळ असतो. दोन-तीन हजार ग्राहकच मिळणार असतील तर तेवढ्याच प्रती काढणे आणि दर थोडा जास्त ठेवणे, यात गैर काही नाही. अडीच-तीन हजार रुपयांची अशी ब्लू-रेची (डीव्हीडीनंतर आलेल्या, अधिक स्पष्ट चित्राच्या डिस्कची) पेटी मी स्वतः पैसे साठवून घेतलेली आहे आणि ते पैसे योग्य ठिकाणी गेले असे मला आजही वाटते, कारण त्यातून पुढचा चित्रपट दुरुस्त होतो. साठेबाजाला मिळालेल्या जादा पैशांतला एकही रुपया प्रकाशकाकडे, दिग्दर्शकाच्या वारसांकडे किंवा त्या निगेटिव्हवर काम केलेल्या तंत्रज्ञाकडे जात नाही.

हा व्यवहार कसा चालतो ते माझ्या भाच्याच्या अनुभवावरून सांगतो. राजारामपुरीत राहणारा हा मुलगा संगणकाचे काम करतो आणि त्याला जुन्या भयपटांचा नाद आहे. गेल्या वर्षी एका परदेशी प्रकाशकाने त्याच्या आवडीच्या चित्रपटाच्या क्रमांकित प्रतींची आगाऊ नोंदणी रात्री उघडली. भाचा वेळेवर बसला होता. तरी पैसे भरण्याच्या पानापर्यंत पोहोचेतो प्रती संपल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी तीच पेटी एका पुनर्विक्रीच्या संकेतस्थळावर सव्वाचारपट किमतीला दिसू लागली. एकाच विक्रेत्याकडे तिच्या सहा प्रती होत्या. पेटी अजून छापखान्यातून बाहेरही पडली नव्हती, प्रकाशनाला दोन महिने अवकाश होता, आणि विक्रेत्याने लावलेले छायाचित्र प्रकाशकाच्याच जाहिरातीतले होते. जी वस्तू त्या माणसाच्या हातात नाही, जी त्याने पाहिलेली नाही आणि जी पाहण्याची त्याला इच्छाही नाही, ती तो चौपट भावाने विकत होता. आपल्या लेखातील ‘जोखीम घेणारा गुंतवणूकदार’ हे वर्णन मला इथे कुठेच बसवता येत नाही. प्रती विकल्या गेल्या नाहीत तर आगाऊ नोंदणी रद्द करून पैसे परत घेण्याची सोय त्याला बहुतेक ठिकाणी असतेच.

भाच्याने अखेर दुसरीकडून तीच पेटी तिप्पट भावाने घेतली आणि पुढचा त्रास तिथे सुरू झाला. ब्लू-रे डिस्कना जगाच्या भागांप्रमाणे संकेत असतात. अमेरिका ए भागात, युरोप बी भागात आणि भारत सी भागात येतो. पेटी ए भागाची निघाली आणि भाच्याच्या घरातल्या प्लेअरवर ती चालेना. विक्रेत्याने जाहिरातीत भाग सांगितलेला नव्हता. परत घेण्याविषयी विचारल्यावर त्याचे उत्तर आले की वेष्टण फोडले आहे, आता वस्तूची किंमत राहिली नाही. वेष्टण फोडल्याशिवाय डिस्क लागते की नाही हे कळणार कसे, याला त्याच्याकडे उत्तर नव्हते आणि त्याची त्याला गरजही वाटली नाही.

दुसरा अनुभव माझ्या मित्राचा आहे आणि तो मला अधिक जिव्हारी लागला आहे. हा मित्र व्हीनस कॉर्नरच्या बाजूला तळमजल्यावर राहतो. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचे पाणी त्या भागात शिरले तेव्हा घरातले लोक, कागदपत्रे आणि सासूबाईंची औषधे घेऊन तो बाहेर पडला. खालच्या कप्प्यातल्या सुमारे दोनशे डिस्क तिथेच राहिल्या. पाणी ओसरल्यावर आम्ही चौघांनी बसून त्या एकेक करून साध्या पाण्याने धुतल्या. ज्यांना अनुभव नाही त्यांना आश्चर्य वाटेल, पण डिस्क पाण्याने लगेच मरत नाही. ती पॉलिकार्बोनेटची असते आणि तिच्या आतला चकाकणारा ॲल्युमिनियमचा पातळ थर बंदिस्त असतो. नुकसान करतो तो गाळातला बारीक वाळूचा कण, आणि कडेने आत शिरलेला ओलावा. दोनशेपैकी साठेक डिस्क पुन्हा लागल्या. मुखपृष्ठे आणि पुस्तिका मात्र लगदा झाल्या होत्या.

त्यानंतर मित्राने गेलेल्या डिस्क पुन्हा मिळवण्याचा प्रयत्न केला. ज्या मराठी चित्रपटांच्या संचावर ३९९ रुपये छापील किंमत होती, तो संच त्याला साडेसहा हजारांना सांगण्यात आला. कारण विचारले तेव्हा, ‘आता मिळत नाही’ एवढेच उत्तर. त्याच विक्रेत्याला मित्राने सहज विचारले की माझ्याकडे धुतलेल्या पण चालणाऱ्या डिस्क आहेत, त्यांचे काय येईल. तेव्हा मुखपृष्ठ नसेल तर काहीच नाही, असे त्याला सांगण्यात आले. हे ऐकल्यापासून मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. साठ चित्रपट, जे लावले की पडद्यावर दिसतात, त्यांची किंमत शून्य. आणि न उघडलेल्या वेष्टणातला, लागेल की नाही हे कुणीही न पाहिलेला एक संच साडेसहा हजारांचा. म्हणजे जे विकले जाते आहे ते पुठ्ठ्याचे खोके आणि वरचा प्लॅस्टिकचा कागद. बाहेरचे पुठ्ठ्याचे आवरण तेवढे सुटे विकण्याचा प्रकारही परदेशी संकेतस्थळांवर सर्रास चालतो. आत डिस्क नसते.

सीलबंद प्रतीची ही पूजा किती दूर जाऊ शकते याचे एक उदाहरण सर्वांसमोर आहे. जून २०२२ मध्ये अमेरिकेतल्या हेरिटेज ऑक्शन्स या लिलावगृहात ‘बॅक टू द फ्यूचर’ या चित्रपटाची १९८६ सालची न उघडलेली व्हीएचएस कॅसेट ७५,००० डॉलरला गेली. ती त्याच चित्रपटात काम केलेल्या नटाच्या मालकीची होती, म्हणून ते प्रकरण वेगळे होते. पण अशी एखादी बातमी आली की ज्याच्या माळ्यावर कॅसेट आहे तो प्रत्येक जण तिचा भाव वाढवून लावतो. डिस्नेच्या १९८४ ते १९९४ या काळातल्या, डबीच्या कण्यावर काळ्या हिऱ्याची खूण असलेल्या कॅसेटींचे असेच झाले. त्या लाखांनी छापल्या गेल्या होत्या, आजही बहुतेक थोडक्या डॉलरांत मिळतात. तरी हजारो डॉलर मागणाऱ्या जाहिराती वर्षानुवर्षे लागलेल्या आहेत आणि त्या जाहिरातींचाच दाखला देऊन पुढचा विक्रेता आपला भाव ठरवतो.

मागितलेला भाव आणि प्रत्यक्ष मिळालेला भाव यांतला फरक कोल्हापूरकराला समजावून सांगावा लागू नये. आपल्याकडे मार्केट यार्डात गुळाचा सौदा निघतो तो सर्वांच्या देखत निघतो. गुळाच्या ढेपा समोर असतात, माल फोडून पाहता येतो, बोली कानावर पडते आणि सौदा ठरला की काय भाव निघाला ते शेतकऱ्यालाही कळते, व्यापाऱ्यालाही कळते. डिस्कच्या या बाजारात माल फोडायचा नाही, कारण फोडला तर किंमत जाते. आणि सौदा कितीला ठरला ते बहुतेक ठिकाणी ग्राहकाला दिसत नाही, दिसतात त्या फक्त मागण्या. आपल्या लेखात दिलेल्या ‘किमती’ही जाहिरातीतल्या मागण्याच होत्या. त्यांतल्या किती प्रत्यक्षात कुणी मोजल्या, याचा उल्लेख लेखात नाही.

शिवाय सीलबंद म्हणजे चांगली, ही समजूतही खरी नाही. डिस्कच्या आतला चकाकणारा थर काही वेळा हवेने आणि ओलाव्याने गंजतो आणि मग चित्र अडखळते किंवा डिस्क लागतच नाही. छपाईतच दोष राहिलेल्या काही डिस्कच्या बाबतीत हे हमखास घडते. आपल्याकडचा जून ते सप्टेंबरचा दमटपणा लक्षात घेतला तर कपाटात दहा वर्षे न उघडता ठेवलेल्या डिस्कची हमी कुणीही देऊ शकणार नाही. मी दर उन्हाळ्यात माझ्या डिस्क काढून पुसतो, थोडा थोडा भाग लावून पाहतो. साठेबाज हे करूच शकत नाही.

इथे ‘ट्वायलाइट टाइम’ या अमेरिकी प्रकाशनसंस्थेची हकिगत सांगण्यासारखी आहे. २०११ मध्ये सुरू झालेली ही संस्था बहुतेक चित्रपटांच्या फक्त ३,००० प्रती काढीत असे. त्याच वर्षी तिने ‘फ्राइट नाइट’ हा १९८५ चा भयपट काढला. प्रती लगेच संपल्या आणि तीस डॉलरच्या आतबाहेरची ती डिस्क शंभरावर, मग कित्येक शंभरांवर गेली. ओरड झाली, तेव्हा संस्थेने २०१५ मध्ये त्याच चित्रपटाच्या आणखी ५,००० प्रती काढल्या, त्याही संपल्या. संस्था २०२० मध्ये बंद झाली. आणि २०२२ मध्ये मूळ स्टुडिओने तोच चित्रपट अधिक स्वच्छ, ४के स्वरूपात, खुल्या बाजारात आणला. मधल्या काळात ज्यांनी एका चित्रपटासाठी महिन्याच्या किराण्याएवढे पैसे मोजले, त्यांच्या पैशाने ना ती संस्था टिकली, ना ही नवी आवृत्ती निघाली. ‘पुन्हा कधीच मिळणार नाही’ हे वाक्य ऐकून घाईने पैसे मोजणाऱ्या तरुणांनी हा दाखला ध्यानात ठेवावा.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की डिस्क ही धान्य, औषधे किंवा रॉकेलसारखी जीवनावश्यक वस्तू नव्हे. ज्याला परवडत नाही त्याने घेऊ नये. हे मला पूर्णपणे मान्य आहे, आणि म्हणूनच मी या व्यवहारावर बंदीची मागणी करीत नाही. पण जीवनावश्यक नसलेल्या वस्तूतही लुबाडणूक आणि फसवणूक होऊ शकते. आमच्या पिढीने उमा टॉकीजच्या दारात ब्लॅकची तिकिटे विकणारे पाहिले आहेत. चित्रपट पाहणे तेव्हाही जीवनावश्यक नव्हते, तरी खिडकीवरची शंभर तिकिटे आधीच उचलून रांगेतल्या माणसाला दुप्पट भाव सांगणाऱ्याला कुणी गुंतवणूकदार म्हटले नाही. पोलिसांना त्याला हाकलावे लागे.

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्यासारखा आहे. जुन्या वस्तूंचा व्यापार हा मुळात सभ्य व्यापार आहे. लक्ष्मीपुरीत रद्दीच्या ढिगातून डिस्क वेचून, पुसून, लावून पाहून, फुटलेली डबी बदलून विकणारे एक गृहस्थ मला माहीत आहेत. दहा रुपयांची डिस्क ते मला साठ-सत्तरला देतात आणि मी घासाघीस न करता घेतो, कारण त्यांनी ती उचलली नसती तर ती वितळवायला गेली असती. दुर्मीळ मराठी पुस्तकांच्या बाबतीतही तेच आहे. जो माणूस नष्ट होऊ घातलेली वस्तू शोधून वाचवतो, तिची परीक्षा करतो, तिच्यातले दोष सांगतो आणि मागणाऱ्यापर्यंत पोहोचवतो, त्याने नफा जरूर घ्यावा, मोठाही घ्यावा. माझा विरोध आहे तो टंचाई असलेल्या वस्तूचा व्यापार करणाऱ्याला नव्हे, तर नव्याने निघालेली वस्तू अंगठ्याखाली दाबून टंचाई तयार करणाऱ्याला. पहिल्या माणसामुळे डिस्क पाहणारा एक माणूस वाढतो आणि दुसऱ्यामुळे पाच कमी होतात. आपल्या लेखाने या दोघांना एकाच रांगेत बसवले, याचे मला सर्वांत जास्त वाईट वाटले.

कोल्हापुरात हा प्रश्न आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे. बाबूराव पेंटरांनी स्वतःच्या हाताने कॅमेरा बनवून याच शहरात मूकपट काढले. त्यांचा १९२० चा ‘सैरंध्री’ आज आपल्याला पाहायला मिळत नाही. १ जून १९२९ रोजी प्रभात फिल्म कंपनी इथे स्थापन झाली, आणि १९३३ मध्ये पुण्याला जाण्यापूर्वी तिने १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ इथेच तयार केला. आज उपलब्ध असलेला तो सर्वांत जुना मराठी बोलपट आहे. १९४८ च्या जाळपोळीत जयप्रभा स्टुडिओ जळाला. २००३ मध्ये पुण्यात, प्रभातच्याच जुन्या आवारात, सहज पेट घेणाऱ्या जुन्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागून कितीतरी जुनी रिळे गेली. इतके गमावलेल्या गावाला एखाद्या चित्रपटाची प्रत घरोघरी असणे म्हणजे काय, हे कळायला हवे. एका ठिकाणी आग लागली, पूर आला, तरी दुसऱ्या घरातली प्रत उरते.

पुस्तकांच्या बाबतीत निदान १९५४ च्या कायद्याने एक सोय केलेली आहे: प्रकाशकाने प्रत्येक नव्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन सार्वजनिक ग्रंथालयांना द्यावी लागते. चित्रपटाच्या डिस्कला असे कोणतेही बंधन नाही. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून मोलाचे काम करीत आहे, परंतु संग्रहालयातील रीळ आणि एखाद्या आजीने नातवाला संध्याकाळी लावून दाखवलेली डिस्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्ही हव्यात. चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षांनी संपतो. म्हणजे १९३० आणि १९४० च्या दशकांतल्या मराठी चित्रपटांवर चित्रपट म्हणून आता कुणाची मालकी उरलेली नाही. ते सगळ्यांचे झाले आहेत. अशा चित्रपटाच्या डिस्कला साडेसहा हजार मागणारा माणूस सगळ्यांच्या मालकीच्या वस्तूवर खासगी जकात बसवतो आहे.

कायद्याविषयी थोडेसे. वैध मापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ प्रमाणे किरकोळ विक्रेत्याला छापील किमतीपेक्षा जास्त दराने वेष्टनबंद वस्तू विकता येत नाही. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० मध्येही संकेतस्थळाने असमर्थनीय किंमत लादून अवाजवी नफा मिळवू नये, असे म्हटले आहे. एखाद्याने घरातली वापरलेली डिस्क विकली तर तिला छापील किमतीचे बंधन लावणे योग्य होणार नाही, हे मी समजू शकतो. पण महिन्याला पन्नास सीलबंद पेट्या विकणारा माणूस ‘मी घरातले जुने सामान विकतो आहे’ असे म्हणत असेल, तर त्याचे म्हणणे तपासले गेले पाहिजे. भारतात छापलेल्या सीलबंद डिस्कच्या जाहिरातीत छापील किंमत, डिस्कचा भाग आणि परतीची अट दाखवणे संकेतस्थळांनी सक्तीचे करावे, आणि मागितलेल्या भावाशेजारी अलीकडे प्रत्यक्ष मिळालेला भावही दाखवावा. काही परदेशी संकेतस्थळांवर झालेल्या विक्रीचे भाव पाहता येतात, म्हणजे ही सोय तंत्राच्या आवाक्याबाहेरची नाही. भाच्यासारखी फसवणूक झालेल्यांनी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार जरूर नोंदवावी. भाच्याने ती नोंदवली आहे.

परंतु खरा उपाय प्रकाशकांच्या हातात आहे आणि तो आपल्या मराठी वाचकाला नवा नाही. आपल्याकडे मोठ्या बहुखंडी ग्रंथांसाठी प्रकाशनपूर्व नोंदणीची पद्धत आहे. प्रकाशक तीन-चार महिन्यांची मुदत देतो, वाचक सवलतीच्या दराने आगाऊ पैसे भरतात, आणि जितकी नोंदणी होईल तितक्या, वर थोड्या जास्त, प्रती छापल्या जातात. माझ्या वडिलांनी कित्येक ग्रंथ याच रीतीने, हप्त्याहप्त्याने घेतले होते. पोस्टमन खंड घेऊन आला की आमच्या घरात त्याला चहा मिळे. या पद्धतीत रात्री दहाला उघडून दहा वाजून चार मिनिटांनी संपणारी शर्यत नसते, आणि संगणकाच्या साहाय्याने एका मिनिटात वीस प्रती उचलणाऱ्याला काही फायदाही नसतो, कारण ज्याला हवी त्याला मुदतीत प्रत मिळणारच असते. प्रकाशकाचीही जोखीम कमी होते. स्टुडिओने प्रतींची संख्या करारानेच बांधली असेल तिथे ही पद्धत जशीच्या तशी चालणार नाही, हे खरे. तिथे निदान एका ग्राहकाला एकच प्रत हा नियम कडकपणे पाळावा, आणि पेटी, पुस्तिका, क्रमांक हे सारे मर्यादित ठेवून डिस्क मात्र साध्या डबीत पुढेही मिळत राहील, अशी तरतूद करारातच करून घ्यावी. ज्याला पेटी हवी त्याने पेटीचे पैसे द्यावेत. ज्याला चित्रपट हवा त्याला चित्रपट मिळावा. परदेशातले काही प्रकाशक असे करूही लागले आहेत.

मराठी चित्रपटांच्या बाबतीत आपल्या गावातही काही करता येईल. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून पुस्तके देत आले आहे. कलामहर्षी बाबूराव पेंटर फिल्म सोसायटी चित्रपट दाखवते. अशा संस्थांनी घरोघरच्या डिस्कची एक यादी केली, आणि ज्यांची तयारी असेल त्यांच्या डिस्क पुस्तकांसारख्या आठवड्याच्या मुदतीवर फिरवल्या, तर निम्मी टंचाई तिथेच संपेल. माझ्याकडच्या ४१८ डिस्कची यादी मी वहीत करून ठेवली आहे. त्यांतल्या सात सीलबंद होत्या. भाव येईल म्हणून नव्हे, पण हात लावायला मन होत नव्हते म्हणून त्या तशा राहिल्या होत्या. गेल्या महिन्यात मी त्या सातही उघडल्या. सहा लागल्या. एक लागली नाही.

आपणास विनंती अशी की या विषयावर पुढे काही छापाल तेव्हा विक्रेत्याबरोबर एखाद्या प्रेक्षकाशी आणि एखाद्या ग्रंथपालाशीही बोलावे, आणि किमती देताना मागितलेली कोणती व मिळालेली कोणती हे वेगळे दाखवावे.

माझ्या मित्राला ‘अयोध्येचा राजा’ची मुखपृष्ठासह एक प्रत अजून हवी आहे. त्याच्याकडची डिस्क पुरातून वाचली आणि ती उत्तम लागते, पण तिच्यासोबतचा कागद गेला. ज्या वाचकाकडे दुबार प्रत असेल आणि ती छापील किमतीला देण्याची इच्छा असेल, त्यांनी कृपया आपल्या कार्यालयाच्या पत्त्यावर कळवावे. पाकिटावर ‘डिस्क’ एवढा शब्द लिहिला तर पत्रे वेगळी काढायला आपल्या लोकांना सोपे जाईल. दर शनिवारी येऊन मी ती घेऊन जाईन.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर